शनिवारचा बाजार आणि उधारीची वही

आमच्या लहानपणी हैदराबादेतील मराठी घरांतून महिन्याच्या आरंभी किराण्याची यादी करण्याचा एक छोटेखानी समारंभच होत असे. आजोबा बैठकीवर दौत-टाक घेऊन बसत, आजी स्वयंपाकघरात एकेक डबा हलवून पाही आणि आतूनच सांगे, डाळ किती, गूळ किती, ज्वारी किती. ती यादी बेगम बाजारातील वाण्याकडे जाई, माल घरपोच येई, आणि रक्कम एका लांबट लाल वहीत चढे. त्या वहीत काय लिहिले जाते हे आम्हां मुलांना ठाऊक नव्हते; पण मोठी माणसे तिच्याविषयी बोलताना आवाज थोडा खाली आणीत, एवढे मात्र स्मरते.

पुढे वाचनाच्या ओघात अमेरिकेच्या दक्षिणेकडील गावांचे, विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतले वर्णन आमच्या पाहण्यात आले, तेव्हा हीच वही आम्हांस तेथे भेटली. अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया, दोन्ही कॅरोलिना ही सारी कापसाची राज्ये. १८६१ ते १८६५ या काळात तेथे यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांवर व आपल्या काळ्या मातीच्या मुलखावर काही काळ सोन्याचा पाऊस पडला, हे आपल्या वाचकांस विदित आहेच. युद्धानंतर गुलामगिरी गेली. त्या घटनेचे मोल जाणून महात्मा फुले यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केले. परंतु मुक्त झालेल्या माणसाच्या हाती जमीन आली नाही आणि रोकडही आली नाही. त्याच्या हाती आली ती दुकानदाराची वही.

अशा गावाचा मध्य म्हणजे चौक. चौकाच्या मधोमध न्यायकचेरीची इमारत आणि चारी बाजूंनी दुकानांच्या रांगा. आठवडाभर सुस्त असलेला हा चौक शनिवारी गजबजे. पहाटेपासून खेचरांच्या गाड्या येऊ लागत. पुरुष लोहाराकडे व न्हाव्याकडे जात, बायका कापडाचा हात पाहत, मुले काचेच्या बरण्यांतील साखरकांड्यांकडे टक लावून उभी राहत. पाच सेंटांत कोका-कोलाची बाटली मिळे. हे पेय जन्मले १८८६ साली अटलांटात. ते बाटलीत भरण्याची युक्ती मात्र १८९४ साली मिसिसिपीतील व्हिक्सबर्ग येथील एका मिठाईवाल्याची. खरेदीपेक्षा भेटीगाठीच अधिक होत. सोयरिकी, मर्तिके, कापसाचा भाव, नव्या धर्मोपदेशकाचे प्रवचन, सारे काही या चौकातच कळे. आपल्याकडच्या आठवडी बाजाराहून हे काही फार निराळे नव्हते.

गावातले दुकान म्हणजे एका छपराखालचा सारा संसार. पिठाची, काकवीची, बिस्किटांची पिंपे. खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या लाद्या. नांगराचे फाळ, कंदिलाच्या काचा, शवपेट्यासुद्धा. पुष्कळ ठिकाणी टपालकचेरीही दुकानाच्याच एका कोपऱ्यात असे. गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे उभे राही, माल पलीकडे. मागितलेली वस्तू नोकर काढून, तोलून, बांधून देई. पिठाच्या रिकाम्या पिशव्या बायका जपून ठेवीत आणि त्यांचे परकर व मुलांचे सदरे शिवीत.

सुखवस्तू गोऱ्या घरच्या गृहिणीस दुकानात जावे लागतच नसे. दूरध्वनी आल्यावर ती त्यावरूनच यादी सांगे आणि दुकानाचा पोऱ्या माल मागील दाराशी आणून देई. बर्फवाल्यासाठी खिडकीत एक पुठ्ठा टांगलेला असे. त्यावरील जो आकडा वर फिरवलेला असेल तितक्या पौंडांची लादी तो आत आणून ठेवी. दुपारनंतर या स्त्रिया एकमेकींकडे ठरल्या वारी भेटीस जात, यजमानीण घरी नसेल तर तबकात नावाचे कार्ड ठेवून परतत. संध्याकाळी ओसरीवरच्या झुलत्या खुर्च्या भरत. स्वयंपाक, धुणे आणि मुलांचे संगोपन बहुधा कृष्णवर्णीय स्त्रीच्या अंगावर असे. ती आपल्या घरची खरेदी केव्हा करी, हा प्रश्न त्या ओसरीवर निघत नसावा.

ती दुकानात येई तेव्हाचे दृश्य आमच्या भगिनींनी डोळ्यांसमोर आणून पाहावे. १८९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याने वर्णभेदाच्या कायद्यांवर मोहोर उठवली होती, आणि दुकानाच्या फळीवरही तोच कायदा अलिखितपणे चाले. गोरे गिऱ्हाईक नंतर आले तरी त्यास आधी माल मिळे. अनेक दुकानांतून कृष्णवर्णीयांस टोपी किंवा जोडा घालून पाहू देत नसत. कागदावर पायाचा आकार काढून न्यावा लागे. पांढरपेशा गोऱ्या बाईला ‘मिसेस’ म्हणणारा दुकानदार तिच्या वयाच्या कृष्णवर्णीय बाईला नुसत्या नावाने नाहीतर ‘आँटी’ म्हणून हाक मारी. आपल्याकडे गावकुसाबाहेरच्या माणसाला वाणी वरून माल टाकी, ती रीत आठवून आम्हांस येथे थांबावेसे वाटले.

ही कोंडी पहिल्याने थोडी सैल केली ती टपालाने. शिकागोच्या सीअर्स-रोबक या पेढीचे जाडजूड सूचिपत्र घरोघर जाऊ लागले होते. १८९६ पासून ग्रामीण भागात टपाल घरपोच देण्याचे प्रयोग सुरू झाले, १९०२ साली ती योजना कायम झाली, आणि १ जानेवारी १९१३ पासून मोठी पार्सलेही टपालाने जाऊ लागली. शिवणयंत्र, चूल, कोट, जोडे, सारे काही चित्रांसह आणि छापील किमतीसह त्यात असे. शिकागोच्या कारकुनाला पत्र लिहिणाराचा वर्ण दिसत नव्हता. किंमत सर्वांना एक, आणि मापाचा जोडा मिळण्यासाठी कोणापुढे ताटकळणे नाही. गावच्या दुकानदारांना हे अर्थातच रुचले नाही. काहींनी सूचिपत्रांच्या होळ्या केल्या, तर काही ठिकाणी या पेढीचे मालकच काळे असल्याची कंडी पिकवण्यात आली. त्या पेढीचे एक प्रमुख जूलियस रोझेनवाल्ड यांनी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सल्ल्याने दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा उभारण्यास साहाय्य केले आणि १९३२ पर्यंत अशा इमारतींची संख्या पाच हजारांवर गेली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

स्वतःचे दुकान काढण्याचा मार्ग त्याहून बिकट होता. मेम्फिस शहरात कृष्णवर्णीयांनी चालवलेले ‘पीपल्स ग्रोसरी’ हे वाणसामानाचे दुकान शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या डोळ्यांत सलू लागले. तंटा वाढला, आणि मार्च १८९२ मध्ये त्या दुकानाशी संबंधित तिघांना तुरुंगातून ओढून नेऊन जमावाने ठार केले. त्यांपैकी टॉमस मॉस हे पेशाने पोस्टमन. आयडा बी. वेल्स या पत्रकार विदुषीने याविरुद्ध लेखणी उचलली, तेव्हा तिचा छापखाना उद्ध्वस्त करण्यात आला. तरीही १९०३ साली रिचमंड येथे मॅगी वॉकर या बाईंनी बचतीची बँक स्थापिली आणि १९०५ मध्ये मोठे दुकानही काढले. कृष्णवर्णीय मुलींना विक्रेतीचे प्रतिष्ठित काम मिळावे हा त्यामागील हेतू. गोऱ्या व्यापाऱ्यांच्या दबावामुळे दुकान सहा-सात वर्षांतच बंद पडले, बँक टिकली.

त्याच मेम्फिसमध्ये ६ सप्टेंबर १९१६ रोजी क्लॅरेन्स साँडर्स या हुन्नरी गृहस्थाने ‘पिगली विगली’ अशा विचित्र नावाचे दुकान उघडले. फिरत्या फाटकातून आत शिरावे, टोपली घ्यावी, मांडणीवरून वस्तू आपल्या हाताने उचलाव्या, प्रत्येकीवर किंमत लिहिलेली, आणि शेवटी रोख पैसे मोजून बाहेर पडावे. आज आपण ज्याला सुपरमार्केट म्हणतो त्याचे हे मूळ. साँडर्सने १९१७ मध्ये या मांडणीचे पेटंट मिळवले, गुलाबी संगमरवराचा महाल बांधायला घेतला, आणि १९२३ साली शेअरबाजाराच्या खेळात सर्वस्व घालवले. त्या महालात राहण्याचे त्याच्या नशिबी नव्हते. तेथे पुढे संग्रहालय झाले आणि त्या पहिल्या दुकानाची प्रतिकृतीही मांडली गेली.

मात्र सूचिपत्र असो की साँडर्सचे दुकान, दोहोंना रोख पैसा लागे. ज्याच्याजवळ तो नव्हता त्याच्यासाठी उधारीची वहीच होती. कुळाने वसंतात पेरणी करायची, उभे पीक दुकानदाराकडे तारण ठेवायचे, आणि शरद ऋतूपर्यंत तो देईल ते धान्य खायचे. वस्तूला भाव दोन, रोखीचा एक आणि उधारीचा चढा. वर व्याज निराळे. वर्षअखेरीस हिशेब होई तेव्हा कुळाचा अर्धा कापूस जमीनमालकाचा, उरलेल्यातून वही फेडायची. बहुतेकदा ती फिटत नसे आणि बाकी पुढच्या पानावर चढे. त्यात पुन्हा दुकानदाराचा आग्रह असा की, कापसाखेरीज काही पेरू नये. कारण तारण म्हणून त्याला तेच पीक हवे. परसात भाजी नाही, दावणीला गाय नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज का जाळले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या मुलखाची व्यथा समजावून सांगण्याची गरज नाही.

मग उधारीवर मिळे तरी काय? मक्याचे पीठ, खारवलेली चरबी आणि काकवी. पोट भरे, पण वसंत ऋतू सरता सरता हातापायांची, गळ्याभोवतीची उन्हात उघडी पडणारी कातडी लाल होऊन सोलू लागे, जुलाब लागत, बुद्धिभ्रंश होई आणि पुष्कळजण दगावत. हा पेलाग्रा नावाचा रोग. तो स्पर्शजन्य आहे अशीच बहुतेक डॉक्टरांची खात्री होती, आणि रोग्याला घरचेही दूर ठेवीत.

१९१४ साली सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना या कामी नेमले. अनाथाश्रमांत व वेड्यांच्या इस्पितळांत त्यांना एक गोष्ट खटकली. आश्रितांना रोग होतो, परिचारिकांना होत नाही. सांसर्गिक रोग असा निवड करीत नाही. मिसिसिपीतील दोन अनाथाश्रमांत त्यांनी मुलांच्या आहारात दूध, अंडी, मांस व कडधान्ये वाढवली, आणि रोग नाहीसा झाला. तरीही शंका घेणारे होतेच. तेव्हा १९१६ मध्ये त्यांनी रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले, रोग्यांच्या कातडीच्या खपल्या व मलही पोटात घेतले. त्यांच्या पत्नी मेरी यांनीही या प्रयोगात भाग घेतला. कोणालाही रोग झाला नाही.

याहूनही मोलाचे काम आम्हांस वाटते ते त्याच वर्षीचे, दक्षिण कॅरोलिनातील. गोल्डबर्गर आणि एडगर सिडनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाने कापडगिरण्यांच्या सात वसाहती निवडल्या. घरोघर पंधरा दिवसांत काय काय विकत आणले, हे त्यांनी टिपून घेतले. त्यासाठी गिरण्यांच्या दुकानांतील खाती उपयोगी पडली. ज्या वहीने माणसे बांधली होती, तीच वही आता साक्षीला उभी राहिली. ज्या घरची मिळकत कमी, तेथे ताजे मांस व दूध कमी आणि रोग अधिक. शिवाय, दोन वसाहतींची मिळकत सारखी असूनही जिच्या आसपास भाजीपाला व दूधदुभते पिकवणारे शेतकरी होते तेथे रोग नाही, आणि जेथे चहूकडे कापूसच कापूस, तेथे तो भरपूर. औषध डॉक्टरांच्या पेटीत नव्हते. ते बाजारात होते, आणि बाजार त्या माणसांच्या आटोक्यात नव्हता. हे उघड बोलले जाऊ लागले तेव्हा दक्षिणेतील पुढाऱ्यांना मोठा राग आला. आमच्याकडे दुष्काळ आहे असे म्हणून आमची बदनामी करता, असा त्यांचा आक्षेप. गोल्डबर्गर १९२९ मध्ये निवर्तले. शरीरात नेमके काय कमी पडते ते १९३७ साली कळले, ते म्हणजे नायासिन हे जीवनसत्त्व. दक्षिण कॅरोलिनानेच १९४२ मध्ये पिठात ते मिसळण्याचा कायदा इतर राज्यांच्या आधी केला.

या हकिकतीचा एक धागा आपल्या हैदराबादेतही येऊन पोचतो. येथील दवाखान्यांतून पेलाग्राचे रुग्ण आढळत, आणि ते मका नव्हे तर ज्वारी खाणारे गरीब शेतमजूर असत. तारनाक्याच्या ज्या संस्थेला १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात, तेथील डॉ. सी. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे मत मांडले की, ज्वारीतील ल्यूसीन या घटकाच्या आधिक्यामुळे नायासिनच्या कार्यात अडथळा येत असावा. त्या मतावर पुढे पुष्कळ वादविवाद झाला. ज्वारीबरोबर डाळ, दूध, मांस असे काही पोटात गेले तर रोग होत नाही, याविषयी मात्र वाद नव्हता.

आमच्या घरच्या यादीत ज्वारीच्या पुढल्याच ओळीत तूरडाळ असे, त्याखाली भुईमुगाचे दाणे. आणि पानात भाकरी वाढली की आजी ताकाची वाटी आधी सरकवी. घरी शेतावरून पायली घेऊन येणाऱ्या गड्यालाही ती न जेवता जाऊ देत नसे. तिने गोल्डबर्गर यांचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. आम्हीही ते फार उशिरा ऐकले.