घरातलीच वस्तू, तिकीट काढून

कोहिनूर पाहायला लोक रांग लावतात, कारण तो दुसरीकडे कुठे नाही. डिझाइन म्युझियमची अडचण नेमकी उलट आहे. खुर्ची, किटली, मोबाइल, साडी अशा इथल्या कितीतरी वस्तू बघणाऱ्याच्या घरी आधीपासूनच असतात. मग त्या बघायला कुणी मुद्दाम का यावं? माझ्या मते याचं उत्तर कायमच्या संग्रहापेक्षा बदलत्या प्रदर्शनांत आणि त्यांच्याभोवतीच्या व्याख्यानांत, चर्चांत, कार्यशाळांत सापडतं. जुनं जपून ठेवणं हे काम सगळीच संग्रहालयं करतात. सवयीमुळे दिसेनाशी झालेली वस्तू पुन्हा नजरेत भरवायची, ती अशीच का घडली, कुणाच्या सोयीसाठी आणि कुणाच्या खर्चानं, हे चारचौघांत विचारायचं, ही मात्र डिझाइन म्युझियमची खास जबाबदारी. ती टाळणारं प्रदर्शन म्हणजे तिकीट लावलेली शोरूम.

या कामाचा पहिला मोठा प्रयोग १८५२ साली लंडनमध्ये झाला. आदल्या वर्षी क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनानंतर हेन्री कोल यांनी कारखानदारी वस्तूंचं संग्रहालय उभं केलं. आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचं ते मूळ. त्यातल्या एका दालनात त्यांनी चक्क वाईट वस्तू मांडल्या, एकूण ८७. त्यांत गॅसचा एक दिवा होता: गारवेलीच्या जातीचं पितळी फूल आणि पाकळ्यांमधून निघणारी ज्योत. फुलातून जाळ निघावा ही कल्पनाच खोटी, असा कोल यांचा आक्षेप. लोकांनी दालनाला भयालय ठरवलं, आपला माल तिथे पाहून कारखानदार खवळले आणि ते लवकरच बंद झालं. पण तोवर परिणाम होऊन गेला होता. चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकात त्यावर एक विनोदी लेख आला. त्यातले क्रम्पेट नावाचे गृहस्थ दालन पाहून घरी परततात आणि स्वतःच्याच घरातल्या नक्ष्या बघून त्यांच्या पोटात गोळा येतो. लेखकाला कोल यांची खिल्ली उडवायची होती, तरी प्रदर्शनाचा गुण त्याने अचूक टिपला: ते बघणाऱ्याच्या मागोमाग घरापर्यंत आलं. कोल यांची चूक वेगळीच. चांगलं काय ते आपल्याला ठाऊक आहे आणि लोकांनी ते शिकून घ्यावं, असं ते गृहीत धरत. आज हा गुरुजीपणा चालणार नाही.

तो टाळता येतो, हे लंडनच्याच डिझाइन म्युझियमने दाखवलं. १९८९ साली टेरेन्स कॉनरन यांच्या पुढाकाराने थेम्सकाठच्या केळ्यांच्या जुन्या गोदामात सुरू झालेलं हे म्युझियम २०१६ मध्ये केन्सिंग्टनला गेलं. २०२३ साली तिथे ‘द ऑफबीट सारी’ हे समकालीन साडीचं प्रदर्शन भरलं. पोलादी तारांची साडी, विरलेल्या डेनिमची साडी, पुण्याच्या नताशा पूनावाला यांनी न्यूयॉर्कच्या मेट गालामध्ये नेसलेली सोनेरी साडी, असं बरंच काही त्यात होतं. हे सगळं श्रीमंतांचं कौतुक झालं, असं कुणी म्हणेल. एवढंच असतं तर आक्षेप रास्त ठरला असता. पण त्याच प्रदर्शनात बुंदेलखंडच्या गुलाबी गँगची साडीही होती. अन्यायाविरुद्ध लाठी घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांचा तो गणवेश. दोन्ही साड्या एका छपराखाली आल्या की नुसतं ‘किती सुंदर’ म्हणून भागत नाही. एकच वस्त्र एकीला मिरवायला आणि दुसरीला लढायला कसं पुरतं, याचा विचार करावाच लागतो.

खरा गंभीर आक्षेप पैशाचा आहे. प्रदर्शनं महाग असतात, प्रायोजक लागतात, दालनं भाड्याने द्यावी लागतात. मग म्युझियम निर्भीड कसं राहणार? याच म्युझियमला २०१८ मध्ये हा प्रश्न फार झोंबला. ‘होप टू नोप’ हे राजकीय निषेधाच्या चित्रांचं, फलकांचं प्रदर्शन चालू असताना लिओनार्दो या संरक्षणसामग्री बनवणाऱ्या कंपनीच्या कार्यक्रमाला तिथे जागा देण्यात आली. कलावंत संतापले आणि जवळपास एक तृतीयांश कलाकृती भिंतींवरून उतरल्या. म्हणजे आक्षेप खराच. पण यातून प्रदर्शनं बंद करावीत असं ठरत नाही. उलट, शांत, कायमच्या संग्रहात हा व्यवहार बहुधा कुणाच्या लक्षातही आला नसता. चालत्या प्रदर्शनामुळेच म्युझियमला स्वतःच्या हिशेबाचा जाब द्यावा लागला. तेव्हा उपाय एवढाच की पैसा कुठून येतो हे उघड असावं आणि ज्याचा पैसा त्याच्या मालावरही टीका करण्याची मुभा क्युरेटरला असावी.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली उघडलं ते कोल यांच्या संग्रहालयामागच्या उद्योग आणि हस्तकलांच्या त्याच विचारातून. इथल्या कारागिरांच्या, निरनिराळ्या समाजांच्या मातीच्या प्रतिकृती तिथे आजही आहेत. जीर्णोद्धारानंतर या संग्रहाला उत्तर देणारी प्रदर्शनं भरवण्यासाठी समकालीन कलावंतांना तिथे बोलावलं जाऊ लागलं, आणि वसाहतकाळात कुणी कुणाला कपाटात मांडलं हा प्रश्न पुन्हा चर्चेला आला. कार्यक्रमांमुळे संग्रहालयाची जत्रा होते, ही तक्रार अशा वेळी टिकत नाही. गर्दी जमली म्हणून काम उथळ ठरत नाही. जमलेल्यांना वाद घालायला काही दिलं की नाही, यावर ते ठरतं. प्रेक्षकानेही तिकिटाच्या बदल्यात तेवढं मागून घ्यावं.