यीस्टचे रायबोसोम आणि प्रतिपिंडांची साक्ष

पाव फुगवणारे यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. पण तिच्या पेशीची मांडणी जीवाणूंपेक्षा आपल्या पेशींना अधिक जवळची आहे. पेशीत प्रथिने घडवतात ते रायबोसोम. यीस्टच्या एका रायबोसोममध्ये चार आरएनए आणि ७९ निरनिराळी प्रथिने असतात. या गर्दीतून नेमके एकच प्रथिन ओळखायचे कसे?

इथे सशाची मदत घेतात. शुद्ध केलेले प्रथिन सशाला टोचले की त्याच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. मग यीस्ट फोडून त्यातील प्रथिने जेलमध्ये विजेच्या प्रवाहाने आकारानुसार वेगळी करतात, पातळ पडद्यावर उतरवतात आणि त्यावर सशाची प्रतिपिंडे सोडतात. ती आपल्याच प्रथिनाला चिकटतात. रंग आणणारे दुसरे प्रतिपिंड घातले की तिथे पट्टा उमटतो. पट्टा गडद की फिकट, यावरून प्रथिनाचे प्रमाणही कळते.

यातले एक प्रथिन पी-झिरो. रायबोसोमवर दांडीसारखा एक भाग असतो, त्याचा हा पाया. पी-वन आणि पी-टू त्यालाच जोडलेली. ती दोन्ही काढली तरी यीस्ट रडतखडत का होईना जगते, पी-झिरो काढले की मरते. या प्रथिनांचे शेवटचे टोक यीस्टमध्ये आणि माणसात जवळजवळ सारखेच असते. ल्युपसच्या काही रुग्णांत शरीर याच टोकाविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. (सांधेदुखी, ताप आणि गालांवर लाल चट्टा घेऊन कोणी आले, तर मी साबुदाण्याएवढ्या गोळ्यांवर थांबवत नाही; आपल्या साकेत नगरातच एम्स आहे, तिकडे पाठवतो.)

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शोभना शर्मा यांच्या गटाने मलेरियाच्या परजीवीचे पी-झिरो हाती घेतले. एरवी पेशीच्या आत राबणारे हे प्रथिन परजीवीच्या पृष्ठभागावरही सापडले, याचे मला विशेष वाटते. माणसाला होणाऱ्या मलेरियाच्या परजीवीतील या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांनी उंदरांना त्यांच्या वेगळ्या मलेरियापासून वाचवले, असे या गटाने २००० साली प्रसिद्ध केले. यातून लस करायची तर अडचण त्या टोकाचीच आहे. माणसाशी जुळणारा भाग लसीत गेला, तर प्रतिपिंडे आपल्याच पेशींवर उलटण्याची भीती. म्हणून परजीवीचा वेगळा असलेला तुकडाच निवडावा लागतो.