नावे आणि जमा यांच्या मधला क्षण

सावदा स्थानकातून केळ्यांनी भरलेली गाडी दिल्लीच्या मार्गाला लागली, तरी बागाइतदाराच्या दृष्टीने सौदा पुरा होत नाही. व्यापाऱ्याच्या खात्यावर नावे पडलेली रक्कम आपल्या खात्यात जमा होईपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नसतो. समजा, ऐंशी हजार रुपये व्यापाऱ्याच्या खात्यातून वजा झाले आणि दुसरी नोंद होण्यापूर्वीच बँकेचा संगणक बंद पडला, तर त्या रकमेचा धनी कोण?

एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत मांडण्याची पद्धती सिद्ध केली, आणि त्याच दशकात आयबीएम कंपनीत जिम ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा सांगोपांग विचार केला. नावे आणि जमा मिळून एकच व्यवहार. तो संपूर्ण घडेल, नाही तर मुळीच घडणार नाही. त्यासाठी होऊ घातलेल्या बदलाची टिपणी मूळ कोष्टकाआधी वेगळ्या नोंदवहीत कायम केली जाते, म्हणजे यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर तिच्या आधारे कायम झालेले व्यवहार तडीस नेता येतात आणि अर्धवट राहिलेले रद्द करता येतात. ग्रे यांना १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले, ते मला सर्वथा उचित वाटते.

परंतु एकाच खात्याची शिल्लक दोघांनी एकाच वेळी वाचून आपापला आकडा लिहिला, तर पहिल्याचा आकडा पुसला जातो; म्हणून एकाचे काम संपेपर्यंत दुसऱ्याला थांबवणारे कुलूप हवे. ते किती मोठे असावे, हाच खरा कळीचा मुद्दा. मायएसक्यूएल या माहितीसंग्रह प्रणालीमधील मायआयसॅम ही जुनी साठवण पद्धती लिहिताना सबंध कोष्टक अडवून धरी आणि तिच्यात व्यवहाराची सोयही नव्हती. २०१० मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीपासून वेगळे न सांगता वापरली जाणारी इनोडीबी पद्धती केवळ त्या त्या ओळीला कुलूप लावते. मात्र खातेक्रमांकाची सूची कोष्टकाला जोडलेली नसेल, तर शोधाच्या वाटेत आलेली प्रत्येक ओळ अडकते, आणि एका बागाइतदाराच्या पैशापायी साऱ्या गावाचा खोळंबा होतो. हा दोष यंत्राचा नव्हे, कोष्टक आखणाराचा.

दोन व्यवहार एकमेकांच्या ताब्यातील ओळीची वाट पाहत बसले, तर इनोडीबी ती कोंडी ओळखून त्यांपैकी एक, शक्यतो कमी बदल केलेला, रद्द करते. दोन्ही खाती नेहमी क्रमांकाच्या चढत्या क्रमाने कुलूपबंद केली, तर ही कोंडी सहसा उद्भवत नाही. तरीही एखादा व्यवहार रद्द झालाच, तर तो आरंभापासून पुन्हा चालवण्याची तजवीज आज्ञावली लिहिणाऱ्यानेच करून ठेवावी लागते.