पाषाणातील पराग

जास्वंदीच्या फुलाला बोट लावताच पिवळी धूळ बोटावर उतरते. तेच परागकण होत. फूल सायंकाळी कोमेजून जाते; मग त्याची ही धूळ किती काळ टिकत असेल बरे? योग्य स्थळी गाडली गेल्यास ती कोट्यवधी वर्षे टिकते, हे ऐकून मुलांनो, तुम्हांला नवल वाटेल.

परागकण डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका सूक्ष्म असतो. परंतु त्याचे बाह्य कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या अत्यंत चिवट द्रव्याचे असते. हवा न पोहोचणाऱ्या चिखलात ते सहसा कुजत नाही. पुढे त्या चिखलाचा खडक होतो. शास्त्रज्ञ असा खडक तीव्र आम्लांत ठेवतात. दगड विरघळून जातो आणि परागकण तेवढे मागे उरतात!

सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका व अंटार्क्टिका हे प्रदेश एकमेकांस जोडलेले होते. तेथे ग्लॉसोप्टेरिस वृक्षांची विस्तीर्ण वने होती. आपल्या चंद्रपूरचा दगडी कोळसा त्याच काळातील वनस्पतींपासून बनला आहे. या वृक्षाचे पान जिभेच्या आकाराचे. १८२८ साली ब्राँन्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला ‘जिभेसारखा नेचा’ अशा अर्थाचे नाव दिले. पण नेच्याला बीज नसते आणि परागही नसतो. मग हा वृक्ष खरोखर नेचा होता काय?

उत्तर पाषाणानेच दिले. लहान पानांच्या देठांवर इवल्या पिशव्यांचे घोस आढळले आणि त्या पिशव्यांत परागकण मिळाले. प्रत्येक कणाला वाऱ्यावर तरंगण्यास उपयोगी असे दोन फुगे होते, जसे आजच्या देवदाराच्या परागाला असतात. कणाच्या अंगावर पट्टेही होते. असेच सुटे कण कोळशाच्या थरांत विपुल सापडत. पण ते कोणत्या झाडाचे, हे त्या पिशव्यांमुळे कळले. १९५२ साली दक्षिण आफ्रिकेत एड्ना प्लमस्टेड यांनी याच वृक्षाच्या पानांना जोडलेले बीजधारी अवयव दाखवून दिले. ग्लॉसोप्टेरिस हा नेचा नव्हे, बीजधारी वृक्ष होता, हे स्पष्ट झाले.

पराग बीजांडापर्यंत पोहोचल्यावर काय होई, तेही आता उलगडले आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड येथील अश्मीभूत बीजांडांत परागनलिका व त्यांतून बाहेर पडणाऱ्या, पोहणाऱ्या नरपेशी दिसल्या, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. आजही सायकस व गिंको या वृक्षांच्या नरपेशी अशाच पोहतात.

वृक्ष गेले, वने गेली, भूखंडही दुरावले. परंतु धुळीएवढ्या कणाने त्यांची ओळख जपून ठेवली. सृष्टीच्या इतिहासात लहान असे काहीच नाही, हेच खरे.