गोष्ट अडली? सांगणारा बदलून पाहा

लिहिताना गोष्ट अडली की आपण कथानकात खोट शोधत बसतो. पुष्कळदा ती निवेदकात असते. निवेदक म्हणजे लेखक नव्हे. गोष्ट ज्याच्या तोंडून येते तो. वाचकाला काय कळणार आणि काय नाही, हे त्याच्यावर ठरतं. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात. ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) शिवाजी सावंतांनी कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्णालाही बोलतं केलं. ‘कोसला’त (१९६३) मात्र पांडुरंग सांगवीकर एकटाच सांगतो, आणि कादंबरीची सगळी ताकद त्या ‘मी’त आहे.

आता तुमचा अडलेला परिच्छेद घ्या. ‘वडील रागावून निघून गेले’ हे वाक्य आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडी द्या. राग तिला कदाचित कळणार नाही. ताटात अर्धवट राहिलेली भाकरी, दाराशी तशाच पडलेल्या वहाणा तिला नक्की दिसतील. असा एक नेमका तपशील हाती लागला की पुढचं वाक्य सहसा सुचतं. नाहीच सुचलं, तर तोच प्रसंग आईच्या तोंडून लिहा. आधीचा खर्डा मात्र फाडू नका.