केस कुरळे आहेत, बिघडलेले नाहीत

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट होती तेव्हा माणसाच्या केसांत पेन्सिल खोचून पाहत. पेन्सिल घसरून खाली पडली तर तो गोरा, अडकून राहिली तर गोरा नव्हे. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाला वंशाच्या खान्यात बसवले होते आणि शंका आली की ही परीक्षा होई. एकाच कुटुंबातील माणसे त्यातून वेगवेगळ्या खान्यांत विभागली गेली.

ती राजवट १९९४ मध्ये संपली, पण मनातला ग्रह संपला नाही. २०१६ मध्ये प्रिटोरियातील मुलींच्या एका शाळेत कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना आपल्या नैसर्गिक केसांसाठी आंदोलन करावे लागले. अमेरिकेत केसांच्या पोतावरून शाळेत आणि नोकरीत होणारा भेदभाव रोखण्यासाठी कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये ‘क्राउन’ कायदा केला. ज्या केसांना ‘अस्वच्छ’, ‘अव्यवस्थित’ म्हटले गेले, ते धुवायचे कसे हे आपण आज समजून घेऊ.

आफ्रिकी वंशाच्या लोकांचे केस घट्ट वेटोळ्यांचे असतात. टाळूतून पाझरणारे तेल सरळ केसावरून सहज टोकापर्यंत उतरते. वेटोळ्यांच्या केसावर ते वरच अडकते. म्हणून टोके कोरडी राहतात आणि केस वळणावर तुटतात. यात अस्वच्छतेचा काहीही संबंध नाही. उलट, असे केस रोज शॅम्पूने धुतले तर अधिकच कोरडे होतात.

म्हणून आठवड्यातून एकदा किंवा दोन आठवड्यांतून एकदा धुणे साधारणपणे पुरते. शॅम्पू टाळूला बोटांच्या पेरांनी लावावा. फेस खाली ओघळतो, तेवढ्याने केस स्वच्छ होतात. त्यानंतर प्रत्येक वेळी कंडिशनर हवाच, विशेषतः टोकांना. तो केसांत असतानाच, केसांचे चार-सहा भाग करून, बोटांनी किंवा रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडवावा. सुरुवात टोकापासून करून हळूहळू मुळाकडे जावे. कोरड्या केसांत कंगवा घालून ओढू नये.

धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसू नये. जुन्या सुती टी-शर्टने पाणी टिपावे. केस ओलसर असतानाच थोडे तेल किंवा क्रीम लावले की ओलावा टिकतो. रात्री सॅटिनचा रुमाल बांधला तर उशीला घासून केस तुटत नाहीत. बारीक वेण्यांनी केसांचे रक्षण होते, पण टाळू दुखेल इतक्या घट्ट घातल्या तर कपाळाजवळचे केस कायमचे जाऊ शकतात. वेण्या असल्या तरी टाळू धुवावीच.

केस सरळ करणाऱ्या रसायनांबाबत मात्र सावध राहायला हवे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ३३,४९७ महिलांचा अभ्यास करून २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. ही उत्पादने कधीच न वापरणाऱ्या महिलांना सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा अंदाज १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांना ४.०५ टक्के निघाला. रसायनांमुळेच कर्करोग होतो हे यातून सिद्ध होत नाही. पण वापरणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के महिला कृष्णवर्णीय होत्या, हे विसरून चालणार नाही. ‘नीट दिसा’ या दडपणाची किंमत कोण मोजते, ते यातून कळते.

आपल्या देशातही कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात आणि गुजरातेत गीरजवळच्या जांबूर गावात आफ्रिकी वंशाचे सिद्दी बांधव शतकानुशतके राहत आहेत. ते इथलेच नागरिक, तरी केस आणि रंग पाहून त्यांना ‘तुम्ही कुठल्या देशाचे?’ असे विचारले जाते. शिकायला आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांच्या केसांना न विचारता हात लावणारेही आपल्यातच आहेत. आणि वर्गातल्या कुरळ्या केसांच्या मुलीला ‘मॅगी’ म्हणून हाक मारणारेही.

जन्माने मिळालेल्या गोष्टीवरून माणसाला हिणवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. म्हणून आपल्या घरात, वसतिगृहात, वर्गात एवढे तरी करूया: कुणाच्या केसांवर हसणार नाही, हसणाऱ्याला तिथेच थांबवू. आणि आपल्या कुरळ्या केसांच्या लेकीला केस सरळ करून आणण्याऐवजी रविवारी सकाळी तिला जवळ बसवून, कंडिशनर लावून, टोकापासून गुंता सोडवायला शिकवू.