पचनज व्रण

जठररसातील हायड्रोक्लोरिक अम्ल व पेप्सीन यांच्या क्रियेमुळे जठराच्या किंवा ग्रहणीच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) श्लेष्मकलास्तराचा (बुळबुळीत अस्तराचा) नाश होऊन खोलवर पडणाऱ्या क्षतास ‘पचनज व्रण’ म्हणतात. निरोगी अवस्थेत श्लेष्मा व बायकार्बोनेट यांचा थर अस्तराचे रक्षण करतो. हे संरक्षण दुबळे झाले म्हणजे व्रण उत्पन्न होतो.

अम्लाविना व्रण होत नाही, असे कार्ल श्व्हार्ट्स यांनी १९१० मध्ये प्रतिपादिले. त्यानंतर दीर्घकाळ दुग्धाहार, अम्लविरोधी औषधे व प्राणेशा तंत्रिका (जठराच्या स्रावास चेतना देणारी मज्जा) छेदण्याची शस्त्रक्रिया यांवर भर होता. १९७६ पासून वापरात आलेल्या सिमेटिडिनाने व्रण भरून येत; परंतु औषध थांबविताच ते बहुधा उलटत. यामागील कारण १९८२ मध्ये पर्थ (ऑस्ट्रेलिया) येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांच्या संशोधनातून पुढे आले. रुग्णांच्या जठरात त्यांना सर्पिल आकाराचे सूक्ष्मजंतू आढळले. इतक्या अम्ल परिसरात जंतू तग धरणे अशक्य, असा समज रूढ असल्याने मार्शल यांनी १९८४ मध्ये ते स्वतः प्राशन केले व त्यांना जठरशोथ (जठराची दाहयुक्त सूज) झाला. या जंतूस आता हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरे प्रमुख कारण म्हणजे ॲस्पिरीन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके. सांधेदुखीसाठी ती वैद्यांस न विचारता महिनोन् महिने घेणाऱ्या वृद्धांत पूर्वसूचनेविना रक्तस्राव होऊ शकतो. तिखट व मानसिक ताण यांना सर्वसाधारणपणे दिला जाणारा दोष मात्र अतिरंजित आहे. धूम्रपानाने व्रण भरण्यास विलंब लागतो.

वरच्या पोटात जळजळ वा कुरतडल्यासारखी वेदना होते. ग्रहणी व्रणात ती उपाशीपोटी किंवा मध्यरात्री होऊन खाल्ल्यावर शमते. डांबरासारखे काळे शौच, रक्ताची वांती आणि एकाएकी पोट फळीसारखे ताठ होणे (छिद्रणाचे लक्षण) या अवस्थांत तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते. जठर व्रणात कर्करोग दडलेला असू शकतो; म्हणून अंतर्दर्शकाने तपासून ऊतकाचा तुकडा परीक्षेसाठी काढतात.

जंतू आढळल्यास ओमेप्रॅझोलासारखे अम्लस्राव रोखणारे औषध व दोन किंवा अधिक जंतुनाशके साधारणतः १४ दिवस एकत्र देतात. वेदना थांबताच औषधे सोडल्यास जंतू उरतात व औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. उपचारानंतर किमान ४ आठवड्यांनी श्वास किंवा मलपरीक्षेने त्यांचा नायनाट झाल्याची खात्री करून घेतात.